पडदा काळा का पडतो?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि विंडोज ११ ज्यांवर चढत नाही असे कितीतरी धडधाकट डेस्कटॉप एका रात्रीत म्हातारे ठरले. त्यांतल्या काहींवर आता उबुंटू किंवा मिंट यांपैकी एखादं लिनक्स नांदतंय. बरेच दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एखाद्या संध्याकाळी अपडेट होतं, मशीन रीस्टार्ट होतं आणि काळ्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ तेवढी उरते. ग्राफिक्स कार्ड जळालं, हा पहिला संशय. कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं.

हा प्रसंग सगळ्यांवर सारखा येत नाही. इंटेलच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच असतो. एएमडीने २००७पासून आपल्या चिपांची तांत्रिक माहिती खुली करायला घेतली आणि २०१५पासून त्यांचा आजचा ड्रायव्हरही कर्नलबरोबरच येतो. कर्नल बदलला की तोही त्याच्यासोबत बदलतो, वेगळं काही करावं लागत नाही. एनव्हिडियाचा रस्ता निराळा. त्यांचा ड्रायव्हर वर्षानुवर्षं बंदिस्त आणि कर्नलच्या बाहेर राहिला. २०१२मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टॉरवॉल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे बघून या कंपनीला मधलं बोट दाखवलं, ते या रागातूनच. २०२२मध्ये कंपनीने कर्नलला जोडणारा भाग खुला केला खरा, पण तो ट्युरिंग आणि त्यानंतरच्या पिढ्यांनाच चालतो. घरातल्या जुन्या कार्डाला त्याचा उपयोग नाही.

बाहेर राहिल्याने नेमकं बिघडतं काय? कर्नलची आतली रचना कायम तशीच राहील अशी हमी लिनक्सवाले देत नाहीत, मुद्दामच देत नाहीत. त्यामुळे दर नव्या कर्नलसाठी बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा बेतावा लागतो. उबुंटू आणि मिंटवर हे काम पडद्याआड आपोआप होतं. पण नव्या कर्नलच्या हेडर फायली नसल्या, किंवा ड्रायव्हर जुना पडला असला, की ते मध्येच अडतं. शिवाय एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकतानाच नूव्हो हा मोफत, खुला पर्यायी ड्रायव्हर बंद केलेला असतो. म्हणजे एक तयार झाला नाही आणि दुसऱ्याला मनाई. पडदा काळा पडणार नाही तर काय?

म्हणून पहिली तपासणी जुन्या कर्नलची. मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धरा. नव्या यूईएफआय पद्धतीच्या मशीनवर एस्केप. ग्रब या बूट लोडरची यादी येते. तिथे ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये आधीचा कर्नल निवडा. डेस्कटॉप उघडला तर कार्ड निर्दोष सुटलं आणि तोवर काम अडत नाही. जुन्या कर्नलवरही तो उघडला नाही तर त्याच यादीत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहायचं आणि एफ१० दाबायचं. चित्र ओबडधोबड येतं, पण आत शिरता येतं. हा फक्त आत शिरण्याचा दरवाजा आहे. काही जण हा शब्द कायमचा लावून टाकतात आणि मग महिनोन्‌महिने लिनक्स किती संथ म्हणून सांगत फिरतात.

आत गेल्यावर ड्रायव्हर नव्याने टाकायचा, पण इथे विंडोजची सवय घात करते. माणूस थेट कंपनीच्या संकेतस्थळावर जातो, इन्स्टॉलर उतरवतो आणि चालवतो. त्या क्षणी कदाचित जमतंही. पण त्या फायलींचा हिशेब वितरणाच्या पॅकेज व्यवस्थेकडे नसतो; पुढच्या अपडेटला दोघांची गाठ पडते आणि हा गुंता सोडवणं मूळ दुखण्यापेक्षा जिकिरीचं. उबुंटूत ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’, मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा आणि तिथे ‘रेकमेंडेड’ म्हटलेला घ्या. सर्वांत नवा आकडा म्हणजे सर्वांत चांगला ड्रायव्हर, असं इथे नसतं.

सिक्युअर बूट चालू असेल तर एक निळा पडदा मध्ये येतो. ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तोच द्यायचा असतो. वाट बघायला तो काही सेकंदच थांबतो. चहा आणायला गेलात तर मशीन गुपचूप पुढे निघून जातं, आणि ज्याची सही नोंदलेली नाही असा ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. ड्रायव्हर नीट टाकूनही काही झालं नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा हीच चुकलेली पायरी असते.

राहिली जुनी कार्डं. जीटी ७१०सारख्या केपलर पिढीतल्या कार्डांना ४७० मालिकेपर्यंतचेच ड्रायव्हर चालतात आणि त्या मालिकेचा पाठिंबा २०२४मध्ये संपला. अशा मशीनवर टायपिंग, मेल, थोडे व्हिडिओ एवढंच होत असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढून नूव्होवर राहावं, हे माझं मत. जीटी ७३०ची गोष्ट आणखी तिरकी: याच नावाने फर्मी पिढीची चिपही विकली गेली आणि केपलरचीही, आणि फर्मीचा ड्रायव्हर तर २०२२लाच थांबला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ओळखीतून असं सेकंडहँड कार्ड घेत असाल तर खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. कुठल्याही लिनक्स मशीनला ते लावून टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ चालवा. चिपचं नाव जीएफने सुरू झालं तर फर्मी, जीकेने झालं तर केपलर.