प्रबंधातील संदर्भसूची : पाठाचा ठावठिकाणा अचूक हवा

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील वातकलाकलीय अध्यायात ऋषींची परिषद आहे. वायूविषयी कुश सांकृत्यायन, कुमारशिरा भरद्वाज, कांकायन, बडिश, वार्योविद, मरीची यांपैकी कोणी काय प्रतिपादन केले, ते प्रत्येकाच्या नावानिशी तेथे नोंदले आहे. मत कोणाचे हे कळल्यावाचून त्याची परीक्षा करता येत नाही, ही जाणीव आपल्या शास्त्रास प्रारंभापासून आहे. संदर्भ देण्याची शिस्त आपल्याला परकी नाही; तिचा आपल्याला विसर मात्र पडला आहे.

आम्ही स्वतः बी.ए.एम.एस. पदवीधर, पदव्युत्तर प्रबंध आम्ही लिहिलेला नाही. तथापि वाशिम जिल्ह्यातील जे विद्यार्थी बाहेरगावी एम.डी. करतात, ते सुटीत आले की आपले लेखन घेऊन दवाखान्यात येतात. अशाच एकाने आमवातावरील शोधनिबंधात ‘योगराज गुग्गुळ (शार्ङ्गधर)’ एवढाच संदर्भ दिला होता. रुग्णांना दिलेले औषध विकत आणलेले होते. त्याची डबी मागवून पाहिली, तर तीवर भैषज्यरत्नावलीचा आधार छापलेला होता.

हा भेद किरकोळ नाही. भैषज्यरत्नावलीच्या आमवाताधिकारातील योगराज गुग्गुळात धातूंची भस्मे नाहीत. शार्ङ्गधरसंहितेच्या मध्यमखंडातील सातव्या अध्यायात याच नावाने जो पाठ येतो, त्यात वंग, रौप्य, नाग, लोह, अभ्रक, मंडूर आणि रससिंदूर आहेत; आज तो महायोगराज गुग्गुळ म्हणून प्रचलित आहे. निबंधातील संदर्भावर विसंबून एखाद्या वैद्याने औषध योजले असते, तर ज्या कल्पाची परीक्षा झालीच नाही असा नाग व पारदयुक्त कल्प रुग्णाच्या पोटात गेला असता. विद्यार्थ्याचा हेतू शुद्ध होता, श्रमही खरे होते; एका अपुऱ्या ओळीने ते व्यर्थ ठरले असते.

म्हणून विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१) स्थाननिर्देश पूर्ण असावा. ग्रंथ, स्थान किंवा खंड, अध्याय व श्लोक हे चारही लिहावेत. चरकाच्या चिकित्सास्थानातील पहिल्या दोन अध्यायांचे प्रत्येकी चार पाद आहेत आणि प्रत्येक पादात श्लोकांक नव्याने सुरू होतात. च्यवनप्राशाचा संदर्भ ‘चिकित्सास्थान, अध्याय १’ एवढ्यावर सोडल्यास वाचकाने चारही पाद चाळायचे काय? तेथे ‘पाद १’ असा उल्लेख हवाच.

२) आवृत्ती सांगावी. चिकित्सास्थानातील अध्यायांचा क्रम सर्व आवृत्त्यांत सारखा नाही. आपल्याकडे प्रचलित आवृत्तीत अर्शचिकित्सा चौदावी आहे, तर बंगालकडील काही आवृत्त्यांत ती नववी येते. श्लोकांकांतही असेच अंतर पडते. आवृत्तीविना दिलेला आकडा आंधळा होय.

३) मूळ, टीका व अनुवाद यांची सरमिसळ करू नये. आयुर्वेददीपिकेतील मत चक्रपाणिदत्ताचे, निबंधसंग्रहातील डल्हणाचे, सर्वांगसुंदरेतील अरुणदत्ताचे. ते अनुक्रमे चरक, सुश्रुत वा वाग्भट यांच्या नावावर घालणे अयोग्य आहे. मराठी वा हिंदी भाषांतर वापरले असल्यास भाषांतरकाराचे नाव द्यावे.

४) डोळ्यांनी पाहिलेल्याच ग्रंथाचा संदर्भ द्यावा. जतूकर्णतंत्र आज उपलब्ध नाही; चक्रपाणीने त्यातील वचने उद्धृत केली म्हणून ती आपल्याला ठाऊक आहेत. ‘आयुर्वेददीपिकेत उद्धृत जतूकर्ण’ हा प्रामाणिक संदर्भ झाला. केवळ ‘जतूकर्ण’ लिहिणे म्हणजे न पाहिलेल्या ग्रंथाची साक्ष देणे होय. पुनर्मुद्रण वापरले असल्यास त्याचा प्रकाशक व वर्ष लिहावे. जुन्या आवृत्तीचे वर्ष उसने घेऊ नये.

५) संदर्भसूची व ग्रंथसूची वेगळ्या आहेत. लेखात ज्यांचा आधार प्रत्यक्ष दिला ते पहिलीत. विषयाच्या अभ्यासासाठी जे वाचले ते सर्व दुसरीत.

नमुन्यादाखल नोंद अशी होईल : अग्निवेश, चरकसंहिता (चरक-दृढबलप्रतिसंस्कृत), चक्रपाणिदत्तकृत आयुर्वेददीपिकेसह, संपादक यादवजी त्रिकमजी आचार्य, तिसरी आवृत्ती, निर्णयसागर मुद्रणालय, मुंबई, १९४१. त्यापुढे स्थान, अध्याय, श्लोक आणि पृष्ठ.

आधुनिक नियतकालिकांतील लेखांसाठी व्हँकुव्हर पद्धती वैद्यकात सर्वत्र रूढ आहे. १९७८ साली कॅनडातील त्या शहरी वैद्यकीय संपादकांची बैठक झाली, त्यावरून हे नाव पडले. तीत लेखात ज्या क्रमाने आधार येतो त्या क्रमाने अंक दिला जातो. सूचीत लेखकांची नावे, लेखाचे शीर्षक, नियतकालिक, वर्ष, खंड, अंक व पृष्ठे अशी नोंद असते. विद्यापीठाने वा नियतकालिकाने निराळी पद्धती सांगितली असल्यास तीच पाळावी. एकाच लेखात दोन पद्धती नसाव्यात.

मूळ साधनाचे मोल वाशिमकरांना निराळे सांगावयास नको. १९३९ साली येथे मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास उजेडात आला. ताम्रपट कोठून दिला, कोणत्या राज्यवर्षी दिला, हे त्यावर कोरलेले होते म्हणूनच तो दीड सहस्र वर्षांनंतरही बोलू शकला.

औषधनिर्मात्या बंधूंनाही हा विषय परका नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांनुसार शास्त्रोक्त औषध सिद्ध होते आणि त्या आधाराचा निर्देश आवेष्टनावर अपेक्षित असतो. तो बारीक अक्षरांत, अर्धवट छापू नये. ग्रंथासोबत अधिकार वा अध्यायही द्यावा. विद्यार्थ्याने औषध नेले, तर पाठाचा आधार व बॅच क्रमांक बिलावर लिहून द्यावा. वर सांगितलेल्या विद्यार्थ्याची चूक अखेर सुधारली ती डबीवरील त्या एका ओळीमुळेच.