स्वस्त आणि चांगला बिनतारी माऊस

आज ज्या वस्तूविषयीं बोलावयाचें आहे, ती मुठींत मावेल एवढी लहान आहे. लॅपटॉपला जोडावयाचा बिनतारी माऊस ही ती वस्तु. साधारण ३०० ते ८०० रुपयांत ती मिळते. आणि किंमत बेताची म्हणूनच बहुतेक कुटुंबांत तिची खरेदी फारसा विचार न करतां होते. दुकानदारानें पुढें केला तो, किंवा सर्वांत स्वस्त दिसला तो, घेऊन टाकावयाचा असा शिरस्ता पडून गेला आहे. यांत गैर तें काय, असें कोणी विचारील. गैर इतकेंच कीं, जी वस्तु दिवसाचे चार-सहा तास हातांत राहावयाची, ती हाताला न जुळणारी निघाली तर पैशाबरोबर मनगटालाहि भुर्दंड बसतो.

जालन्यासारख्या व्यापारी शहरांत हा प्रश्न आतां घरोघरचा झाला आहे. बियाण्यांच्या आणि लोखंडाच्या पेढ्यांवरील कीर्द-खतावणी संगणकावर गेली. जीएसटीचीं विवरणपत्रें संगणकावरूनच भरावीं लागतात. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचें मराठवाडा संकुलहि २०१८ सालीं येथें सुरू झालें. लॅपटॉपला जो टचपॅड असतो, तो एखादें पत्र वाचण्यापुरता ठीक आहे. परंतु हिशेबाच्या शेंकडों चौकटींतून फिरावयाचें असेल किंवा आकृति काढावयाची असेल, तर एकट्या बोटावर सारा भार पडतो व काम रेंगाळतें. तेव्हां माऊस ही चैन नव्हे. तें कामाचें हत्यार आहे, आणि हत्यार जसें पारखून घ्यावें तसाच तोहि घेतला पाहिजे.

या यंत्राचा जन्म अमेरिकेंतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत झाला. डग्लस एंगलबार्ट यांची कल्पना आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांचें कौशल्य यांतून १९६४ सालीं पहिला नमुना तयार झाला. लांकडाचा एक लहानसा ठोकळा, आणि खालीं एकमेकांशीं काटकोन करणारीं दोन चाकें, एवढाच तो होता. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें एंगलबार्ट यांनीं तो जाहीरपणें चालवून दाखविला. तारेची शेपटी असलेला म्हणून तो ‘उंदीर’ ठरला. पुढें ही शेपटीच नाहींशी झाली. नांव मात्र तेंच राहिलें. १९९१ सालीं रेडिओलहरींवर चालणारा माऊस बाजारांत आला आणि १९९९ च्या सुमारास आंतल्या गोळीची जागा प्रकाशानें घेतली.

ज्या लहरींच्या वाहनावरून माझा आवाज आपणांपर्यंत येत आहे, त्याच जातीच्या लहरींनीं माऊस आपली हालचाल लॅपटॉपला कळवितो. यासाठीं वापरला जाणारा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारत सरकारनें २००५ सालीं परवान्याच्या अटींतून मोकळा केला. म्हणून हें लहानसें प्रक्षेपक यंत्र बाळगण्यास आपणांस परवाना लागत नाहीं. जोडणीचे प्रकार मात्र दोन आहेत. पहिल्या प्रकारांत नखाएवढा एक रिसीव्हर यूएसबीच्या खांचेंत बसवावा लागतो. दुसरा प्रकार ब्लूटूथचा. त्याला खांच लागत नाहीं, परंतु लॅपटॉपमध्यें ब्लूटूथची सोय असावी लागते. एकच माऊस घरचा लॅपटॉप आणि पेढीवरील जुना संगणक या दोहोंवर चालवावयाचा असेल, तर रिसीव्हरचा घेणें अधिक सोयीचें. उलट लॅपटॉप नव्या पातळ घडणीचा असून त्याला केवळ टाईप-सी खांचाच असतील, तर ब्लूटूथ बरें; नाहींतर जोडणीसाठीं निराळा तुकडा विकत घ्यावा लागेल. रिसीव्हर हरवला तर स्वस्त माऊस बहुधा निरुपयोगी होतो, हेंहि लक्षांत ठेवावें. तसेंच बाहेरील हार्ड डिस्क शेजारच्याच खांचेंत असतां पडद्यावरील बाण अडखळूं लागला, तर माऊस बिघडला असें समजूं नये; रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या खांचेंत बसवून पाहावा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे आपला हात. मोसंबी हातांत घेतांना तळवा जसा सैलपणें वळतो, तसा तो माऊसवर टेंकला पाहिजे. प्रवासासाठीं म्हणून विकले जाणारे अगदीं लहान माऊस मोठ्या माणसाच्या हातांत बोटांच्या टोकांनींच धरावे लागतात, आणि तासाभरांत हात अवघडतो. घरांत कोणी डावरें असेल तर दोन्ही बाजूंनीं सारखा असलेला आकारच घ्यावा. एकाच खोलींत कोणी निजलेलें आणि कोणी काम करीत असेल, तर ज्याच्या कळा आवाज करीत नाहींत असा माऊस निवडावा.

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला डीपीआयचा आंकडा पाहून पुष्कळांना भूल पडते. त्याचा अर्थ एवढाच कीं, माऊस एक इंच सरकला असतां तो किती ठिपक्यांची नोंद करतो. १००० डीपीआयचा माऊस सुमारें दोन इंच सरकविला कीं १९२० ठिपक्यांच्या पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बाण जातो. कार्यालयीन कामास १००० ते १६०० हा आंकडा भरपूर झाला. त्याहून मोठ्या आंकड्यासाठीं अधिक पैसे मोजण्यांत हंशील नाहीं. कांचेच्या टेबलावर मात्र स्वस्त माऊसची नजर ठरत नाहीं. खालीं एखादी वही ठेवावी. आणि आपल्याकडील धुळीच्या दिवसांत तळाच्या छिद्रांत कापसाचा तंतु अडकला तरी बाण थरथरतो. मऊ कोरड्या फडक्यानें तें छिद्र पुसावें.

सेलचा विचारहि करावा. एका पेन्सिल सेलवर चांगला माऊस कित्येक महिने चालतो, आणि सेल संपला तर कोपऱ्यावरील दुकानांत दुसरा मिळतो. आंत बसविलेली बॅटरी सोयीची खरी; पण ती थकली कीं स्वस्त मालांत बदलतां येत नाहीं आणि सबंध माऊसच टाकावा लागतो. बरेच दिवस काम नसेल तेव्हां सेल काढून ठेवावा, म्हणजे तो पाझरून आंतील पत्रे खराब करणार नाहीं.

शेवटीं खोकें उलटून पाहावें. हें जालनेकरांना शिकविण्याची आवश्यकता नाहीं. १९६४ सालीं महिको कंपनी जेथें निघाली, त्या या गांवीं शेतकरी बियाण्याची पिशवी घेतांना वरील चित्र पाहून समाधान मानीत नाहीं. तो लॉट नंबर, उगवणशक्ति आणि मुदत वाचतो. तीच दृष्टि येथें हवी. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणें उत्पादकाचें किंवा आयातदाराचें नांव व पत्ता, महिना व साल, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठीं संपर्क हा मजकूर खोक्यावर असलाच पाहिजे. तो नसेल तर माल कितीहि स्वस्त असो, परत ठेवावा. पक्कें बिल घ्यावें आणि वॉरंटी किती वर्षांची तें विचारावें. बिलावांचून वॉरंटी बहुधा कागदावरच राहते.

तात्पर्य, प्रथम हात, मग जोडणी, मग सेल, त्यानंतर खोक्यावरील मजकूर, आणि डीपीआयचा आंकडा सर्वांच्या शेवटीं, या क्रमानें पारख करावी. घरबसल्या मागविलेला माऊस पन्नास रुपयांनीं स्वस्त पडेल. परंतु गांवांतील दुकानांत तो हाताखालीं धरून पाहतां येतो, ही सवड त्या पन्नास रुपयांहून मोलाची आहे. मात्र उत्तम माऊस घेतला म्हणून हाताला विश्रांति नको असें नव्हे. कोपरापासूनचा हात टेबलावर टेंकलेला असावा आणि अर्ध्या-पाऊण तासानें बोटें मोकळीं करावीं. माऊस चारपांचशें रुपयांत पुन्हा मिळेल; मनगट मात्र आयुष्यभर तेंच वापरावयाचें आहे.