नळाला 'थोडासा' करंट येतो?

सोनपेठसारख्या गावात नळाला पाणी सुटलं की मोटरी लागतात, आणि ओल्या हाताने नळ धरणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. 'नळाला थोडासा करंट येतो डॉक्टर, पण चालतंय,' असं त्या सहज सांगतात. चालत नाही. घरातली वीज २३० व्होल्टची. ओली कातडी तिला फारशी अडवत नाही. साधारण १० मिलिअँपिअरला बोटं आखडतात, नळ सुटत नाही. ५०च्या पुढे काही सेकंदांत हृदयाची लय बिघडू शकते.

पूर्वी लोखंडी पाइप जमिनीतून यायचा, म्हणून काही वायरमन अर्थिंगची तार नळालाच गुंडाळायचे. आता बाहेरचा पाइप प्लास्टिकचा. घरातला लोखंडी तुकडा मात्र तसाच. मोटरीतून, गीझरमधून गळलेली वीज जमिनीत जाणार कुठून? ती नळाला हात लावणाऱ्या माणसातून जाते.

घराला स्वतंत्र अर्थिंगचा खड्डा हवा. मोटर, गीझर आणि घरातले लोखंडी पाइप त्याच अर्थिंगला जोडलेले हवेत. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एवढीशी गळती फ्यूजला कळतही नाही. त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका, आधी मेन स्विच बंद करा. शुद्ध आणि श्वास नसेल तर छाती दाबायला लागा, दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. उठून बसला तरी ईसीजी काढायला आणाच.