स्टेपनीचा मुक्काम सुपेल्यात

जुन्या इंग्रजी शब्दांचे शौकीन कोशातला एखादा विस्मरणात गेलेला शब्द उचलतात, चारचौघांत ऐकवतात आणि ‘आता कोण वापरतं हो हे!’ म्हणून हळहळतात. ही हळहळ पुष्कळदा अनाठायी असते, कारण लंडनच्या बोलण्यातून गेलेला शब्द मेलेलाच असतो असं नाही. भिलाईच्या सुपेल्यात जीई रोडवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे जादा चाकाला स्टेपनीच म्हणतात. हे मूळचं वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटचं नाव. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसेच; पंक्चर झालं की भर रस्त्यात टायर उतरवत बसायचं. १९०४ च्या सुमारास तिथल्या डेव्हिस बंधूंनी त्यावर तोड काढली : आरे नसलेली, टायर चढवलेली एक धाव, जी पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून आवळून बसवायची आणि घर गाठायचं. पुढे अख्खं चाक काढता-घालता येऊ लागलं, ती युक्ती मागे पडली आणि ब्रिटनमध्ये शब्दही गेला. ब्राझीलमध्ये तो ‘इस्तेपी’ होऊन राहिला, आपल्याकडे जसाच्या तसा.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : हा गुलामगिरीचा अवशेष. पण भिलाईकडे पाहा. तिथल्या पोलाद कारखान्याचा करार १९५५ चा आणि तोही सोव्हिएत संघाशी. पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. हे शहर साहेब गेल्यावर उभं राहिलं. रशियन तंत्रज्ञ आले, देशभरातून कामगार आले, तरी स्टेपनी स्टेपनीच राहिली. शब्द सत्तेबरोबर आला असेल, पण टिकला तो कामामुळे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. अल्बर्ट मार्कवर्ट या भाषाशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये अमेरिकन इंग्रजीबद्दल मांडलं, की मायदेशापासून तुटलेली भाषा जुनी रूपं धरून बसते. आपलंही तसंच झालं, असं कुणी म्हणेल. पण नुसतं गोठणंच असतं तर सगळे शब्द सारखेच टिकले असते. विदूषकाच्या टोपीच्या जलचिन्हावरून नाव पडलेला फुलस्केप कागद झेरॉक्स आणि प्रिंटर आल्यावर ए-फोरपुढे हटला. घोडागाडीतली नोकराची बैठक असलेली डिकी मात्र स्कूटरपर्यंत पोचली आणि आता भाजीही वाहते. तिने चक्क धंदा बदलला! १७८४ पासून विलायतेतल्या टपालगाड्यांवर बंदूक घेऊन बसणारा गार्ड पुढे आगगाडीत आला. २०२२ मध्ये भारतीय रेल्वेने त्याला ट्रेन मॅनेजर केलं, तरी प्रवाशांच्या तोंडी तो गार्डच आहे. हुकमाने पाटी बदलते, बोलणं लगेच बदलत नाही.

हे शब्द आता इंग्रजी उरलेच कुठे, असंही विचारता येईल. खरंय, ‘स्टेपनी काढा’ म्हणणाऱ्याला आपण इंग्रजी बोलतोय असं वाटतच नाही, आणि म्हणूनच शब्द वाचला. शौकिनांच्या यादीतला शब्द दाखवण्यापुरता असतो, याला रोज खपावं लागतं. स्टेपनीला खरा धोका आता नव्या मोटारींकडून आहे. त्यांतल्या काहींत जादा चाकाऐवजी पंक्चर दुरुस्तीचा संच येतो. तेव्हा शब्दसंग्राहकांनी कोश जरा बाजूला ठेवून गॅरेज, छापखाना, मालधक्का इथले शब्द त्यांच्या कामासकट आत्ताच टिपून ठेवावेत.