कस्तुरीच्या हवेलीचं कारंजा : विटांच्या जुन्या वाड्याला सिमेंट का चालत नाही?

कारंजा (लाड) : पावसाळा जवळ आला की जुन्या वाड्यांच्या भिंतींना सिमेंट लावायची घाई सुरू होते. मंडळी, गवंड्याला बोलावण्याआधी एवढं वाचा.

कारंजा ही जुनी व्यापारपेठ. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा अशा चार वेशींचं गाव. सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर १६७० मध्येच शिवाजी महाराजांचं सैन्य इथं आलं, यावरून गावातल्या पैशाचा अंदाज येतो. कस्तुरीच्या हवेलीची गोष्ट तर सगळ्यांनाच माहीत आहे. उंटांवर लादून आणलेली कस्तुरी इथल्या शेठनं सगळी विकत घेतली आणि हवेलीच्या चुन्यात कालवली, असं म्हणतात. खरंखोटं काहीही असो, गोष्टीत मान आहे तो चुन्यालाच.

जुन्या वाड्याचं बांधकाम असं असतं : खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पातळ विटांची भिंत. वीट इंच-दीड इंच जाडीची, भिंत मात्र दोन-तीन फूट रुंद. छताचं वजन सागवानी खांब आणि तुळया पेलतात. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. वर मातीचं धाबं. म्हणूनच उन्हाळ्यात आत गारवा राहतो.

विटा जोडायला चुना, वाळू आणि विटांचा चुरा घाणीत मळत. चुना हवेतला वायू ओढून हळूहळू घट्ट होतो, तरी भिंतीतली ओल बाहेर पडू देतो. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल आत साचते, लोणा लागतो आणि विटेचा भुगा होतो.

आमच्या जुन्या घराला मी स्वतः हीच चूक केली. खालून तीन फूट सिमेंट मारलं. पहिले दोन पावसाळे भिंत चकाचक दिसली. नंतर ओल सिमेंटच्या वर चढली आणि प्लास्टरचे पोपडे विटांसकट हातात आले. पैसाही गेला, भिंतही गेली.

मग करायचं काय? आधी छताची गळती बंद करा. जोत्याजवळ पाणी साचू देऊ नका. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर लहान असतानाच काढा. सांधे चुन्यानंच भरा. काम माहीत असलेला म्हातारा गवंडी गावात असेल, तर पोरांना त्याच्या हाताखाली शिकू द्या.

वाडा पाडायचाच ठरला, तर निदान मोबाईलवर त्याचे फोटो काढून ठेवा. अशी पातळ वीट आता सहजासहजी मिळत नाही.