स्वेच्छेने ओढवलेला दुष्काळ

१९७२ च्या दुष्काळाची आठवण भडगाव तालुक्यातील जुन्या पिढीच्या मनातून अद्याप पुसली गेलेली नाही. पावसाने दिलेली ओढ, खडी फोडण्याच्या कामावर गेलेली माणसे आणि त्या कामांवर वाटली जाणारी सुकडी हे ज्यांनी अनुभवले, त्यांच्या लेखी माणूस अंगाने भरणे ही सुबत्तेची आणि आरोग्याची खूण होती. त्याच घरांतील तिसरी पिढी आज शाळांत, कचेऱ्यांत आणि बँकांत स्थिरावली आहे. तीही ताटातील भाकऱ्या मोजते, परंतु मोजण्याचा हेतू पालटला आहे. भाकरी पुरेल की नाही ही आता विवंचना उरलेली नाही. ती आणखी कमी कशी करता येईल, ही आहे.

वजन उतरविण्याच्या खटाटोपात वस्तुतः गैर काही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. बैठे काम आणि दाराशी उभी असलेली मोटारसायकल यांमुळे मधुमेहाने व रक्तदाबाने तालुक्याच्या गावांतही ठाण मांडले आहे. तेव्हा डॉक्टरांनी 'वजन कमी करा' असे बजावले तर ते योग्यच होय. प्रश्न आहे तो रीतीचा. लग्नाची तारीख ठरलेली मुलगी, वसतिगृहात राहणारा विद्यार्थी, रक्तशर्करेच्या अहवालाने धास्तावलेला कारकून यांनी अवलंबिलेला मार्ग बहुधा एकच असतो. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी कळण्याची एक भाकरी आणि वाटीभर पालेभाजी, सायंकाळी काकडी-टोमॅटो व पातळ वरण, की संपला दिवस. या आहाराच्या उष्मांकांची, म्हणजेच कॅलरींची, बेरीज पाच-सहाशेच्या पलीकडे क्वचितच जाते. चारचौघांत या निग्रहाचे कौतुक होते. हा निग्रह किती तोकडा आहे, हे समजून घ्यावयाचे तर थोडे इतिहासात शिरावे लागेल.

१८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळात सरकारी खर्चात काटकसर व्हावी म्हणून सर रिचर्ड टेम्पल यांनी १८७७ च्या प्रारंभी दुष्काळी कामावरील मजुरांची मजुरी घटविली. दिवसाकाठी सुमारे एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यात माणसाचा निर्वाह होऊ शकतो, असा त्यांचा दावा होता. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्यास कडाडून विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. ती ज्वारी धरली, तर तीतून मिळणारे उष्मांक पंधराशे ते सोळाशे भरतात. ज्या शिध्यावर माणसे जगत नाहीत म्हणून त्या काळी एवढा गदारोळ झाला, त्याच्या जेमतेम तृतीयांशावर सुशिक्षित माणसे आज स्वखुशीने दिवस काढू पाहत आहेत. कामावरचा मजूर दिवसभर राबत होता आणि कारकून खुर्चीवर बसतो, हा भेद खरा. परंतु तो धरूनही हिशेब जुळत नाही.

योगायोग असा की, जवळपास याच आकड्याची कसोटी पुढे एका प्रयोगात लागली. युरोपातील उपासमारीने खंगलेल्या जनतेला युद्धानंतर कसे सावरावे, हे जाणण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शरीरशास्त्रज्ञाने नोव्हेंबर १९४४ पासून एक प्रयोग आरंभिला. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून सैन्यात जाण्यास नकार देणारे छत्तीस निरोगी तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. पहिले तीन महिने त्यांना पोटभर अन्न मिळाले. त्यानंतरचे चोवीस आठवडे त्यांचा आहार सरासरी १५७० उष्मांकांवर आणण्यात आला. बटाटे, सलगम, पाव असे युद्धकालीन युरोपात मिळणारे पदार्थ आणि आठवड्याला बावीस मैल चालणे, असा त्यांचा क्रम होता.

त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, हे अपेक्षितच होते. त्यासोबत जे घडले ते मात्र कीज यांच्या सहकाऱ्यांनाही विचारात पाडणारे होते. तरुणांच्या नाडीचा वेग मंदावला, भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली, पायांवर सूज आली, केस गळू लागले. त्याहून विलक्षण होता तो मनावरील परिणाम. एरवी राजकारणावर आणि धर्मावर वाद घालणारी ही सुजाण मुले दिवसभर अन्नाखेरीज दुसरे काही बोलेनात. कित्येकांनी पाककृतींची पुस्तके जमविली. ताटातील घास कुस्करीत ते जेवण तासन् तास लांबवू लागले. चिडचिड, औदासीन्य आणि एकलकोंडेपणा वाढला. एकाने तर मनाच्या भ्रांत अवस्थेत कुऱ्हाडीने स्वतःची बोटे तोडून घेतली. पोटभर अन्न पुन्हा मिळू लागल्यावर भुकेचा जणू बांध फुटला. अनेकांची कितीही खाल्ले तरी तृप्ती होईना आणि अंगावरील चरबी प्रयोगापूर्वी होती त्याहूनही वाढली. हा सारा वृत्तांत १९५० साली दोन जाडजूड खंडांत प्रसिद्ध झाला आणि आजही वैद्यकशास्त्र त्याचा आधार घेते.

शरीराला व्रत कळत नाही, लग्नाची तारीख कळत नाही. अन्न कमी आले म्हणजे दुष्काळ पडला, एवढाच अर्थ ते लावते आणि पिढ्यान् पिढ्यांच्या सवयीने काटकसरीस लागते. पहिल्या आठवड्यात काट्यावर दोन-तीन किलो घटलेले दिसतात. त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. यकृतात व स्नायूंत साठविलेली साखर खर्ची पडते आणि तिच्याबरोबर धरून ठेवलेले पाणी निघून जाते. त्यानंतर चरबी झिजते, पण तिच्या जोडीने स्नायूही झिजतात, आणि हृदय हाही एक स्नायूच आहे. पोटॅशियम, मॅग्नेशियम यांसारख्या क्षारांचा तोल ढळला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात. पित्ताशयाला स्निग्ध अन्न न मिळाल्याने ते पुरेसे आकुंचन पावत नाही. साचलेल्या पित्तात खडे धरतात. झपाट्याने बारीक झालेल्या माणसास काही महिन्यांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया करावी लागणे ही डॉक्टरांच्या परिचयाची गोष्ट आहे. स्त्रियांची मासिक पाळी अनियमित होते वा थांबते. केसांचे गळणे तर दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, त्यामुळे त्याचे कारण कोणाच्या ध्यानीही येत नाही आणि तेल बदलले जाते. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता जेवण निम्म्यावर आणले, तर रक्तातील साखर एकाएकी उतरून तो कचेरीतच बेशुद्ध पडू शकतो.

हे धोके कल्पनेतील नव्हेत. १९७० च्या दशकात अमेरिकेत प्रथिनांच्या द्रवावरच राहण्याचे एक खूळ निघाले होते. दिवसाला तीनचारशे उष्मांक पोटात जात. १९७७ व ७८ मध्ये असा आहार घेणाऱ्या पन्नासहून अधिक व्यक्तींच्या मृत्यूची चौकशी तेथील सरकारी यंत्रणांना करावी लागली; त्यांतील अनेक मृत्यू हृदयाची लय बिघडून झाले होते, आणि मृतांत तरुण स्त्रियांचा भरणा होता. जे जगतात त्यांचीही सुटका सहजासहजी होत नाही. वजन घटविण्याच्या एका गाजलेल्या अमेरिकन दूरचित्रवाणी स्पर्धेतील चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, बहुतेकांचे बरेचसे वजन परत आले होते, परंतु विश्रांतीच्या स्थितीत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दररोज सुमारे पाचशे उष्मांक कमीच खर्च करीत होते. दुष्काळ संपला यावर त्या शरीरांचा सहा वर्षांनंतरही विश्वास बसला नव्हता म्हणा ना!

या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. २०१७ च्या अखेरीस ब्रिटनमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत मधुमेही रुग्णांना तीन ते पाच महिने सुमारे साडेआठशे उष्मांकांवर ठेवले होते आणि वर्षाअखेर त्यांतील ४६ टक्के रुग्ण औषधांविना मधुमेहमुक्त आढळले. मग कमी खाणे वाईट कसे? मात्र त्या रुग्णांना जीवनसत्त्वे व क्षार मोजून घातलेला विशिष्ट आहार दिला जात होता. मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे आरंभीच बंद केली होती आणि तपासणी वारंवार होत होती. पुढे नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने सुरू करण्यात आले. एक भाकरी आणि काकडी यांच्याशी त्या उपचाराची बरोबरी करणे म्हणजे न्हाव्याच्या वस्तऱ्याने शस्त्रक्रिया करू जाणे होय.

महाराष्ट्रात २०१८ च्या सुमारास दिवसातून दोनदाच जेवावे की थोडेथोडे अनेकदा खावे, या प्रश्नावर घरोघरी तट पडले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि ऋजुता दिवेकर यांच्या अनुयायांनी हिरिरीने वाद घातले. या दोहोंपैकी कोणीही अर्धपोटी राहण्याचा उपदेश केला नव्हता. परंतु 'केव्हा खावे' याची चर्चा एवढी रंगली की 'किती आणि काय' हे मागे पडले. २०२५ पासून भारतात वजन उतरविणारी नवी इंजेक्शने अधिकाधिक उपलब्ध होऊ लागली आहेत. त्यांनी भूकच मावळते. म्हणजे धोक्याची सूचना देणारी घंटाच बंद होते. ती घेणाऱ्याने प्रथिनांकडे लक्ष दिले नाही, तर स्नायू गमावण्याचे भय अधिकच.

परंतु या सर्वांत चिंतेचा विषय आहे तो मुलींचा. ज्या पाहणीत चौथा हिस्सा स्त्रिया स्थूल आढळल्या, तीतच पाचांतील एक स्त्री कृश आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. म्हणजे लग्नाआधी चार महिने निम्म्या आहारावर राहणारी मुलगी बहुधा आधीच लोहाच्या अभावाने फिकट पडलेली असते. वर्ष-दोन वर्षांत ती माता होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलो. मात्र या हडकुळ्या दिसणाऱ्या बालकांचे स्नायू कमी असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. आईच्या उदरात कुपोषण सोसलेली अशी बालके पुढे मधुमेहाला अधिक सहज बळी पडतात, हा त्यांच्या संशोधनाचा रोख आहे. ज्या मधुमेहाच्या धाकाने एक पिढी उपाशी राहते, त्याचेच बीज पुढल्या पिढीत पेरले जाण्याचा हा संभव आहे, आणि मुलीला 'जरा बारीक हो' असे सुचविणाऱ्या वरपक्षाच्या तो गावीही नसतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे या बाबतीतील मार्गदर्शन साधे आहे. आठवड्याला अर्धा किलो वजन उतरणे सुरक्षित आणि वजन घटविण्याच्या आहारातही दिवसाचे उष्मांक हजाराच्या खाली जाऊ नयेत. हजार ही किमान मर्यादा होय. उंच्यापुऱ्या वा कष्टाच्या माणसाला तीही पुरणार नाही. अर्धा किलोसाठी दररोज सुमारे पाचशे उष्मांकांची तूट पडावी लागते. खानदेशातील कारकुनाच्या दिनक्रमात ती शोधणे अवघड नाही. दिवसाचे चार कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे दीडशेच्या वर उष्मांक. मूठभर शेव, मग ती भाजीत असो वा बशीत, अडीचशेच्या पुढे. या दोहोंना फाटा दिला आणि सायंकाळी गिरणेच्या काठाने तासभर पायी फिरून आले, की हिशेब पुरा होतो. ताटातील भाकरी, डाळ, दही आणि उसळ यांना हात लावावा लागत नाही.