सायकलीमागची माणसे

परवा पहाटे साडेचारलाच दिलसुखनगरच्या आमच्या घरी दिवे लागले. भाचा नेत्रशिबिराच्या निधीसाठी विजयवाड्याच्या रस्त्याने सायकलीवर निघायचा होता. ताई आदल्या रात्रीपर्यंत नको नकोच म्हणत होती. रस्ता मालमोटारींचा, आणि पोर एकुलते एक! तरी दशम्या भाजायला बसली तीच.

त्या भाजल्या जात असता मी तिला नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंची हकीकत सांगितली. २०१५ साली हितेंद्र व महेंद्र या भावांनी अमेरिकेची पश्चिम-पूर्व शर्यत, सुमारे ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत पुरी केली; आदिवासींना दृष्टी लाभावी, हा हेतू. एक चाके फिरवी तेव्हा दुसरा विसावा घेई, आणि रात्री मागून साथीदारांची मोटार उजेड धरून चाले. लोकांना सायकलस्वार दिसतो. मोटारीतली माणसे कोणी पाहत नाही.

ताई म्हणाली, "मग आपणही मागून जाऊ." आणि फिरकीचा तांब्या घेऊन मोटारीत बसली.

चौटुप्पलला पोर थांबले, पोटभर पाणी प्याले. ताईची भीती काही गेलेली नाही. पण पुढची फेरी केव्हा, हे आता तीच विचारते.